दादाच्या नावाची माणसं

आमच्या दादाच्या नावाचा एक हृदयाचा डॉक्टर आहे, एक गायक आहे, कबड्डीचा एक प्रशिक्षक आहे आणि दगडांचा अभ्यास करणारा एक शास्त्रज्ञसुद्धा आहे. एक पुढारीही होता, दोनदा निवडणुकीला उभा राहून दोन्ही वेळा आपटलेला. त्याला मात्र आईने पहिल्याच दिवशी बाद केलं. "हा आपला नाय," ती म्हणाली, "आपल्याला एवढं बोलता कुठं येतंय?" ते खरंच होतं. दादा घुमा होता.

आमच्या पट्ट्यात एकेका आडनावाची निम्मी निम्मी गावं आहेत, आणि दादाचं पाळण्यातलं नाव त्या काळी दर तिसऱ्या घरात ठेवलेलं. त्यामुळे त्याच्या नावाची माणसं सापडायला कष्ट पडत नसत. प्रश्न एवढाच होता, की त्यातला आमचा कोण.

दादा बारावीला दुसऱ्यांदा नापास झाला त्या दिवशी बाबांची दुपारची पाळी होती. ते डहाणू रोडला रेल्वेत होते, आणि घर मसोलीत, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. डबा हातात घेऊन निघता निघता ते उंबऱ्यात थांबले आणि म्हणाले, "आता काहीतरी नाव काढ, आणि मगच या दारात पाय ठेव." बाप रागात बोलतो तसं बोलले. संध्याकाळी घरी येताना त्यांनी दादाला आवडतात म्हणून भजी आणली होती. पण तोवर दादा निघून गेला होता.

पोलिसांत कळवलं, नातेवाईक पालथे घातले, आई चालत महालक्ष्मीच्या गडावर जाऊन आली. शोध लागला नाही. पुढे आईने स्वतःशीच एक हिशेब मांडला, आणि तो इतका सरळ होता की आम्हा कोणाला मोडता आला नाही. पोराने बापाचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. म्हणजे तो नाव काढल्याशिवाय यायचा नाही. म्हणजे त्याला शोधायचं तर नाव काढलेल्या माणसांतच शोधायला हवं.

आईला वाचता येत नसे. रोज चहाच्या वेळी ती पेपर माझ्यापुढे टाकायची. "बघ गं, आला का?" मी मथळ्यांवरून बोट फिरवायची. नाव सापडलं, फोटो असला, की ती म्हणायची, "उजवा कान दाखव." दादा नवसाचा. त्याचा उजवा कान वरच्या अंगाला टोचलेला होता, तेच त्याचं ओळखपत्र. पुढे मोबाइल आला आणि माझे हाल वाढले. पेपरातला कान एकदाच बघून होतो, मोबाइलमधला बोटांनी हवा तेवढा मोठा करता येतो. गायकाचा कान केसांत, प्रशिक्षक नेहमी डाव्या बाजूने, शास्त्रज्ञाचा फोटो इतका धुरकट की कान आहे की दगड ते कळेना. मी वैतागायची. "आई, हा माणूस साठीचा आहे गं!" ती शांतपणे म्हणायची, "काळजीने माणूस लवकर म्हातारा होतो."

बाबा या प्रकारात कधी पडले नाहीत. ते आधी पेपर वाचत आणि मग घडी घालून आईकडे देत. एकदा मी लवकर उठले तेव्हा पाहिलं, ते पहिलं पान उघडतच नव्हते. आतलं पान काढून ते बारीक टाइपातल्या बातम्यांवरून बोट फिरवत होते. अपघात, अनोळखी इसम, रुळांवर सापडलेला. शेवटपर्यंत बोट नेऊन त्यांनी श्वास सोडला आणि मग पेपराची नीट घडी घातली. मी पुन्हा जाऊन झोपल्याचं सोंग घेतलं. त्या दिवसापासून बाबांवर रागावणं मला जमलं नाही.

मग एका हिवाळ्यात तो हृदयाचा डॉक्टर डहाणूला सत्काराला यायचा होता. नाक्यावर फलक लागला. फलकावर दादाचं नाव, हातभर अक्षरांत, आणि शेजारी फेटा बांधलेला फोटो. फेट्याने दोन्ही कान झाकलेले! आईने फलकाखाली उभं राहून तो बराच वेळ पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अंगणात मडकं उलटं घातलं, भोवती जाळ केला आणि उकडहंडी लावली. कंद, रताळी, वालाच्या शेंगा, दादाला आवडायची तशी मिरची जास्त घालून. मी तिला अडवलं नाही. डबा फडक्यात गुंडाळून आम्ही रिक्षाने सभागृहात गेलो.

डॉक्टरांना बघताक्षणी मला कळलं. आईलाही कळलं असणार, त्यांची पन्नाशी केव्हाच उलटून गेली होती. तरी ती रांगेतून पुढे सरकत राहिली आणि त्यांच्यासमोर जाऊन म्हणाली, "साहेब, जरा उजवा कान बघू?" संयोजकांचे चेहरे पडले. डॉक्टर मात्र हसले. पेशंटचं काहीबाही ऐकायची सवय असावी. त्यांनी फेटा वर सरकवला. कान कोरा होता. आई म्हणाली, "बरं. डबा घ्या, गरम आहे तोवर खाऊन घ्या." आणि तिने खरंच डबा त्यांच्या हातात दिला. परत येताना रिक्षात ती एवढंच बोलली, "चांगला माणूस आहे. पण त्याच्या आईने कान टोचला नाय."

आता खरं सांगते. त्या दिवशी मडक्याभोवतीचा जाळ सारताना मला ठाऊक होतं, की दादा डॉक्टर झालेला नाही. त्याच्या दोन वर्षं आधीच मी त्याला भेटले होते.

मला तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर शाळेत नोकरी लागली होती. शाळा सुटल्यावर तलासरी नाक्यावर, हायवेला, मी गाडीची वाट बघत उभी होते. मागून कोणीतरी हाक मारली, "बारके." या नावाने मला जगात एकच माणूस हाक मारतो. दाढी वाढलेली, शर्टाला ऑइलचे डाग, आणि उजवा कान वर टोचलेला. तो ट्रकवर क्लीनर होता. टायर तपासायला गाडी थांबली होती, तेवढाच वेळ होता.

आम्ही समोरच्या टपरीत बसलो. त्याने मिसळ खाल्ली. मी काही खाऊ शकले नाही. त्याने विचारलं, "आई उकडहंडी करते अजून?" मी म्हटलं, तू गेल्यापासून नाही. मग तो हसत म्हणाला, "माझ्या नावाचा एक गायक झालाय, ऐकलास? आमचा ड्रायव्हर सारखा त्यालाच लावतो. म्हणतो, अरे, तू गातोस आणि टायरपण बदलतोस." हसता हसता त्याने तोंड फिरवलं. मी म्हटलं, चल, आत्ता घरी चल, एवढ्या जवळ आहेस. तो म्हणाला, "आता नको. स्वतःची गाडी घेतो, मग येतो. दिवाळीपर्यंत. तोवर घरी सांगू नकोस, माझी शपथ आहे." आणि तो गेला.

मी शपथ पाळली. दिवाळी आली, गेली. मग सांगायचं तरी कसं? तुझा मुलगा इथून तासाभराच्या वाटेवर होता आणि घरी आला नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा मला डॉक्टरांचे कान सोपे वाटले. मी भित्री आहे, हे एकदा लिहून टाकलेलं बरं. रोज नाक्यावर उतरले की मी उभ्या असलेल्या प्रत्येक ट्रकच्या केबिनमध्ये बघायची. अजून बघते.

गेल्या वर्षी बाबा गेले. पेपरात निधनाची बातमी द्यायची ठरली, तेव्हा आई म्हणाली, "शोकाकुलमध्ये त्याचं नाव पहिलं घाला." ते तसंच छापून आलं. आईने पेपर माझ्यापुढे टाकला. मी वाचलं. बाबांचं नाव, खाली शोकाकुल, आणि दादाचं संपूर्ण नाव. आईने त्या ओळीवर बोट ठेवलं, कान दाखव म्हणाली नाही. "हा आपला," ती म्हणाली. दादाचं नाव पेपरात पहिल्यांदा आलं ते असं, आणि ते आतल्या पानावर, जिथे बाबा रोज बोट फिरवत होते.

तेरा दिवस दाराला कडी लागली नाही. माणसं येत होती, जात होती. बाहेर चप्पल वाजली की आई मान वर करायची. तेराव्याला पंगती उठल्या, भांडी आत गेली, आणि ती ओटीवर तशीच बसून राहिली. मला ते बघवेना. मी तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. नाका, ट्रक, शपथ, दिवाळी. मला वाटलं, ती मला मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

ती म्हणाली, "इतकी वर्षं मला परक्यांचे कान दाखवलेस."

मी रडायला लागले.

"रडू नको. काय खाल्लं त्याने?"

"मिसळ."

"पाव किती?"

मला आठवेना. समोर बसून मी त्याचा चेहरा बघत होते, पाव कोण मोजतं? पण तिच्याकडे बघून मी म्हटलं, "तीन."

"तीन खाल्ले," ती म्हणाली, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा तिने जेवायला ताट घेतलं.

आता चहाच्या वेळी पेपर तिकडेच पडलेला असतो. तो गायक परवा तालुक्याला येऊन गेला, तिने विचारलंही नाही. तिला फक्त ती टपरी हवी असते. शर्ट कसल्या रंगाचा, खोकत होता का, नखं कापलेली होती का. माझ्याजवळ पाव तासाची भेट आहे, तीच मी रोज पुरवून पुरवून सांगते. संपली की थोडी वाढवते. परवा तिने विचारलं, "चौथा पाव नाय मागितला?"

मी म्हटलं, "मागितला होता. पण तेवढ्यात ड्रायव्हर हॉर्न द्यायला लागला, तसाच उठला."

आईचा हात कपावर थांबला. "मग कागदात बांधून द्यायचास ना गं तू," ती म्हणाली. "एवढंही सुचलं नाय तुला?"