पुस्तकातलं शेवटचं उत्तर

छापखान्यात त्यांना सगळे उलटेमामा म्हणत. स्वभावाने माणूस अगदी सरळ. पण शिशाच्या खिळ्यांवरची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी असतात, आणि तीस वर्षं ती जुळवून जुळवून मामांची नजर अशी तयार झाली होती की सरळ छापलेलं पान वाचायलाच त्यांना जास्त वेळ लागे. निदान मशीनवाला तरी असं छातीठोकपणे सांगायचा.

बीजगणिताचं काम आलं की ते मामांकडेच जाई. अपूर्णांक दिसला की बाकीचे जुळारी काढता पाय घेत. वर अंश, खाली छेद, मधे पितळेची नखाएवढी पट्टी, आणि बरोबरचं चिन्ह त्या पट्टीच्या थेट समोर. एक खिळा हलला की सगळं समीकरण टेबलावर सांडायचं. मामा ते चिमट्याने बसवत आणि बसवता बसवता सोडवतही. वडिलांनी अंथरूण धरलं म्हणून त्यांची शाळा आठवीत सुटली होती. गणिताची हौस मात्र सुटली नव्हती.

त्यांना आठवीत गणित शिकवणाऱ्या सरांनीच म्हातारपणी सरावाचं पुस्तक लिहिलं आणि याच छापखान्यात आणलं. मामांना पाहून ते हसले. "अजून उत्तर आलं की पाटी पुसतोस का रे? की परत घालून बघतोस?"

मामा लाजले. शाळेत ते सर्वांत आधी उत्तर काढत आणि ते परत समीकरणात घालून तपासायचा मात्र कंटाळा करत. त्यापायी त्यांनी सरांची बोलणी किती खाल्ली होती, याला गणती नव्हती.

छापखान्याचा नियम एकच होता: कागदावर जसं लिहिलंय तसंच जुळवायचं. शहाणपणा करायचा नाही. पण या पुस्तकात मामांना तीन ठिकाणी लेखणीची चूक सापडली आणि तिन्ही वेळा ते सरांच्या घरी विचारायला गेले. सरांनी खुशीने दुरुस्ती केली. प्रत्येक फर्म्याचं, म्हणजे एकत्र छापायच्या सोळा पानांचं, प्रूफ सर स्वतः तपासत असत.

शेवटचा फर्मा तेवढा राहिला, आणि सर गेले.

त्या फर्म्यात अगदी शेवटचं गणित असं होतं: क्ष भागिले (क्ष वजा दोन), बरोबर दोन भागिले (क्ष वजा दोन), अधिक तीन. सरांच्या हस्ताक्षरात उत्तर होतं, 'उकल नाही'. मामांनी मनातल्या मनात दोन्ही बाजूंना छेदाने गुणलं. क्ष बरोबर दोन अधिक तीन क्ष वजा सहा. म्हणजे क्ष बरोबर दोन. साधं, सरळ उत्तर! आजारपणात सरांना सुचलं नसणार, असं मामांना वाटलं आणि त्यांचा जीव तुटला. आता विचारायचं कुणाला? गेलेल्या माणसाची चूक जगापुढे कशाला मांडायची? त्यांनी 'उकल नाही' काढलं, 'क्ष = २' बसवलं. सरांची शेवटची सेवा केली, असंच त्यांना वाटलं. प्रूफ तपासायला कुणी उरलंच नव्हतं.

सरांच्या शाळेसाठी पाचशे प्रती बांधून झाल्या. एक प्रत मामांनी घरी नेली. मुलगी नववीत होती. ती थेट शेवटच्या गणितापासून सुरू झाली, बापासारखीच उतावळी.

"बाबा, हे उत्तर चुकलंय."

"मी स्वतः सोडवलंय ते."

"दोनच येतं, मलाही आलं. पण परत घालून बघा ना! दोन वजा दोन. छेद शून्य झाला. शून्याने भागायचं कसं? या गणिताला उत्तरच नाही."

मामांनी पुस्तक हातात घेतलं. सरांचं बरोबर होतं. शेवटपर्यंत बरोबर होतं. त्यांच्या नावाच्या पुस्तकात ही चूक मामांनी आपल्या हाताने घातली होती, आणि आता सगळी शाळा म्हणणार होती की म्हाताऱ्याला शेवटी साधा छेद दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांना सगळं सांगितलं. मालक म्हणाले, "पाचशे प्रतींत एक उत्तर! कोण बघतंय, मामा?"

"मी बघितलं," मामा म्हणाले. "गठ्ठे शाळेत जाऊ देऊ नका."

त्यांनी 'उकल नाही' एवढे दोनच शब्द पुन्हा जुळवले, त्यांच्या चिठ्ठ्या छापल्या आणि चार दिवस खाली मान घालून पाचशे प्रतींत चिकटवल्या. मालक रागावले नाहीत. फक्त त्या दिवसापासून मामांचं प्रूफ दुसऱ्या कुणाला तरी दाखवू लागले. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मामांना ते फार लागलं.

त्या चार दिवसांत पहिली चिठ्ठी चिकटवली, तशीच ती प्रत घेऊन ते सरांच्या घरी गेले. सरांच्या पत्नीसमोर त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि झालेलं सगळं सांगून टाकलं. काकूंनी चिठ्ठीवरून बोट फिरवलं. कडेची खळ अजून ओली होती.

"हे गणित त्यांनी पडल्या पडल्या घातलं, सगळ्यांत शेवटी," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, पुरे आता. तर म्हणाले, हे त्याच्या हातात जाणार आहे. बघू तरी, परत घालून बघतो का." त्यांनी मामांकडे पाहिलं. "बघितलंस ना शेवटी?"

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही काकू," ते म्हणाले. "माझ्या मुलीनं बघितलं."