वैरण पडली का?

माझ्या सासरी जेवणाआधी एकच प्रश्न विचारला जायचा. सासरे हातपाय धुऊन चुलीपाशी टेकायचे आणि म्हणायचे, "वैरण पडली का?" मी "पडली, मामा" म्हटलं की मगच ताट वाढायचं. दावणीला बैल उपाशी आणि घरात माणसं जेवतायत, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे आल्या आल्या गोठा माझ्या गळ्यात पडला. मला राग यायचा. जावयासारखे दोन बैल, आणि त्यांची मर्जी राखायला मी एकटी!

तरी थोरला बैल माझ्या हाताला सवकला होता. दुसऱ्या कुणी पेंढी टाकली तर नुसता हुंगायचा आणि मी येईपर्यंत दाराकडं बघत राहायचा. धाकटा हावरट, पुढं येईल ते ओढायचा.

मग ते वाईट साल आलं. आमचं गाव केजच्या अलीकडं, माळावरचं. पावसानं पाठ फिरवली आणि जोंधळा गुडघ्याएवढा होऊन करपला. तो कापून, वाळवून बैलांना घातला, दिवाळीला तोही संपला. मग गोठ्यावरचं कडब्याचं छप्पर उतरवून त्यांच्यापुढं टाकलं. सरकारी रमण्यात गवत होतं, पण ते तहसिलीच्या घोड्यांसाठी राखलेलं. तिकडं विळा घेऊन फिरकायची कुणाची छाती नव्हती. आमचे हे कामाच्या शोधात गोदाकाठाला गेलेले. मागं मी, मामा आणि बैलजोडी.

राहिलं होतं घरावरचं छप्पर. त्याला मात्र गावात कुणी हात लावायचं नाही. घराचं छप्पर ज्यानं जनावरांपुढं टाकलं तो पुन्हा त्या घरात नांदत नाही, असं म्हणायचे. ते खरंही होतं. डोईवरचं गेलं की माणसं गाव सोडून चालू लागायची.

त्यातच एक अवकाळी सर येऊन गेली आणि कापलेल्या जोंधळ्याच्या धसकटांना फूट आली. सगळा माळ करडा, आणि घरामागचं आमचं तेवढं रान हिरवंगार. त्या हिरव्याची मी धास्तीच घेतली. जोंधळ्याची असली कोवळी फूट म्हणजे विष; जनावरानं पोटभर खाल्ली की घटकेत आडवं होतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मामांनी रानाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. शेजारी हसून म्हणाला, "राखण कशाची करतो बे? इखाची?" मामा हसले नाहीत. वारा फिरला की तो हिरवा वास गोठ्यात यायचा आणि दोन्ही बैल एकदम माना वळवायचे. मी रोज दाव्यांच्या गाठी चाचपून बघायची. दावी झिजत चालली होती.

शेवटी मामा जोडी विकायला केजच्या बाजारात गेले. संध्याकाळी बैलांना घेऊनच परत आले. "बैलाला गिऱ्हाईक न्हाई," ते म्हणाले, "कातड्याला हाय." त्या रात्री त्यांनी वैरणीचं विचारलं नाही आणि मी चूल पेटवली नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी पाणी घेऊन आले, तर मामा चुलीपाशी बसलेले.

"वाढ."

"आन् वैरण?"

"पडली."

"कुटून आणली?"

त्यांच्या हातांवर काट्यांचे ओरखडे होते आणि बोटं हिरवी झाली होती. मी घागर खाली टेकवली.

"मामा, कावून?"

"तिळातिळानं मरत्यात ती, पोरी. मला बघवंना. एक डाव पोटभर खाऊन तरी जाऊ दी."

तेवढ्यात गोठ्यात काहीतरी धपकन पडलं.

"धाकटा," मामा म्हणाले. आवाजावरून त्यांनी ओळखलं.

मी धावले. धाकटा तोंडाला फेस येऊन पाय झाडत होता. थोरला उभा होता. त्याच्यापुढचा हिरवा भारा जसाच्या तसा होता. तो दाराकडं बघत होता.

माझं डोकंच फिरलं. मामांचा संताप आला, त्या सालाचा आला, तहसिलीच्या घोड्यांचाही आला. मी भारा काट्यांपलीकडं भिरकावला, भिंतीवर चढले आणि घराचं छप्पर ओढायला लागले. धुरानं काळवंडलेला कडबा खाली पडू लागला.

मामा बाहेर आले. "पोरी, घर हाय ते!"

"ठावं हाय मला."

मग वाकून त्यांनी थोडा कडबा गोळा केला, झटकला, त्याची पेंढी बांधली आणि गोठ्याच्या दारापर्यंत गेले. तिथून मागं फिरले. मी खाली उतरले तेव्हा त्यांनी ती माझ्यापुढं धरली.

"तूच टाक. माज्या हातचं आता त्यो खायाचा न्हाई."

मी पेंढी टाकली. थोरल्यानं हुंगली, माझ्याकडं बघितलं आणि खायला लागला. घरात येऊन मी म्हणाले, "वैरण पडली, मामा." त्यांनी मान वर केली नाही. मी दोन ताटं वाढली. वरून उघडं आभाळ दिसत होतं. उजाडल्यावर आम्ही एकाच बैलाचं दावं धरून गोदाकाठच्या वाटेला लागलो.