श्वासाचं माप

"हात वर कर. आता घे श्वास. पोटात घे, खांदं कशाला उचलतोस?" असं म्हणत बाई पोराच्या पोटाभोवती शिलाईची टेप गुंडाळायच्या. श्वास घेतल्यावर टेप बोटभर सरकली तर पोरगं गाण्यात. नाही सरकली तर, "जा, आठ दिवस रोज पळ, मग ये."

बारामतीच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये मुलांचं गायनमंडळ सुरू झालं ते असं, टेपनं. बाई ब्लाउज शिवायच्या. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे उपासनेलाही टेप गळ्यातच. फादरांनीही त्याबद्दल बोलणं सोडून दिलं होतं. मी एसटीच्या डेपोत नोकरीला आणि रविवारी चर्चमध्ये पेटीला, त्यामुळे या मंडळाची निम्मी डोकेदुखी आपसूक माझ्या वाट्याला आली.

खरं तर फादरांनी आधी गावातल्या मुलांना बोलावलं होतं. एकाला क्लास, दुसऱ्याला क्रिकेटचं कोचिंग. तिसऱ्याची आई म्हणाली, "त्यापेक्षा मोबाईलवर लावा की गाणी." अशा आया तुम्हीही पाहिल्या असतील. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माळेगावच्या रस्त्याला ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्यांवर गेल्या. जालन्याकडून आलेल्या त्या टोळीत काही घरं ख्रिस्ती होती. आईबाप फडात, पोरं कोपीवर, आणि जरा मोठ्या पोराच्या कडेवर धाकटं. पहिल्या तालमीला ही सगळी वरात आली तेव्हा मी म्हटलं, "बाई, हे गायनमंडळ आहे का पाळणाघर?"

"तुमी पेटी वाजवा मास्तर. रडणारं पोर बघा, श्वास कसा पोटातनं घेतंय. ह्या मोठ्यास्नी तेच तर शिकवायचंय."

नाताळात पोरं गायली. आवाज एका फडातनं दुसऱ्या फडात हाका मारून कमावलेले, चर्चच्या पत्र्याला पेलवेनात. मोबाईलवाल्या आईनं ते मोबाईलवर घेतलं. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, पोटावर हात ठेवून, प्रत्येक ओळीआधी पोरांबरोबर स्वतः श्वास घेत.

पण बाईंचा सगळा जीव ईस्टरवर. "नाताळ काय, कुणीबी गातंय. येशूची कबर रिकामी झाल्याचं गाणं मला एकदा ह्या पोरांच्या तोंडनं ऐकायचंय." आणि तिथंच घोडं अडायचं. ईस्टरच्या आधी ऊस संपायचा, कारखान्याचा पट्टा पडायचा, म्हणजे त्या वर्षीचं गाळप बंद, आणि टोळी गावाकडे. दोन वर्षं असंच झालं. अर्धंमुर्धं बसलेलं गाणं घेऊन पोरं ट्रकमध्ये चढायची, दिवाळी झाली की गाणं विसरून परत यायची आणि बाई टेप घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"गळक्या घागरीत पाणी भरताय तुम्ही," मी एकदा चिडून म्हणालो.

"मग काय करू, घागर फोडू?"



तिसऱ्या वर्षी ईस्टर लवकर आला आणि रानात ऊस अजून उभा होता. बाई हरखल्या. तेवढ्यात टोळीची तोड बावड्याकडं हलली. बाईंनी मुकादमाची गाठ घेतली. त्यानं हात जोडले, "बाई, ऊस जिथं, आमी तिथं. माझ्या हातात काय हाय?" मग बाई इंदापूरला गाडी बदलून बावड्याला जायला लागल्या. लग्नसराई तोंडावर, गिऱ्हाईक दारात भांडायला उभं, आणि ह्या उसाच्या बांधावर पोरांची पोटं मोजतायत. टोळीतली थोरली पोरगी सुवार्ता बाकीच्या पोरांना धरून ठेवायची. बाईंनी तिला बजावलं, "ईस्टरला सकाळी टेम्पो घेऊन येते. तोंडं धुऊन तयार ऱ्हावा."

आम्ही दोघं टेम्पो घेऊन गेलो. कोप्या नव्हत्याच. पाचट पडलेलं, चुलीचे दगड, एक फुटकी बादली. शेजारच्या रानातला माणूस म्हणाला, "काल सांजच्याला पट्टा पडला न्हवं. ट्रक आला, बसली समदी. आता गावी पोचली असतील." मुकादमाचा फोन बंद.

बाई चुलीच्या दगडांकडे बघत राहिल्या. मग गळ्यातली टेप काढून त्यांनी पिशवीत ठेवली. त्यांचा गळा मी तसा मोकळा कधी पाहिला नव्हता.

"चला मास्तर. मिस्सा चुकंल."

 राग काढावा तर कुणावर? ज्यानं त्यानं आपापलं काम केलं होतं. चर्चमध्ये मी पेटी वाजवली, मोठी माणसं गायली, एक सूर पूर्वेला तर एक पश्चिमेला. बाई तोंड मिटून बसल्या होत्या. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

त्या पावसाळ्यात बाई गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता हाताशी काही राहिलं नाही.

दिवाळी सरली. एका रविवारी मिस्सा संपल्यावर मी पेटीवर कापड घालत होतो, तर दारात पोरं उभी. पुढं सुवार्ता, कडेवर भाऊ.

"काका, बाई कुठंयत? त्या दिवशी ट्रक एकदमच आला. सांगायला बी मिळालं न्हाय. पण गाणं इसरलो न्हाय आमी. गावाकडं रोज म्हणलं."

मी सांगणार होतो. शब्द जुळवत होतो. तेवढ्यात तिनं भावाला बाकावर बसवलं, पोरं उंचीप्रमाणे ओळीत उभी राहिली आणि सगळ्यांनी, पोटभर श्वास घेऊन, मापासाठी हात वर केले.