सोळा दिव्यांचा ठेका

मिल बंद झाल्यावर सुरुवातीचे काही महिने बाबा रोज फाटकावर जायचे. आज काहीतरी कळेल, म्हणायचे. मग फाटकावर जमणारेच कमी झाले. कोणी पीथमपूरला चौकीदार झाला, कोणी हातोदच्या मंडीत हमालीला लागला. बाबा घरी बसले. खिडकीजवळची खुर्ची त्यांची झाली आणि आम्ही तिला वळसा घालून चालायला शिकलो.

फक्त गुरुवारी ते उठायचे. संध्याकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून मिलच्या चाळीमागच्या दत्तमंदिरात भजनाला जायचे. भजनीमंडळ सगळं लूम खात्यातलं, मागांवर राबलेलं. मराठी, माळवी, जो येईल तो. परत आले की बाबा दोन पोळ्या जास्त खायचे आणि आईशी काहीबाही बोलायचेही.

बोलायचे म्हणजे काय, तेही सांगतो. लूमच्या खडखडाटात उभं राहून त्या सगळ्यांचेच कान गेलेले. आमच्याकडे बाबांशी कोणी ओरडून बोलत नसे. समोर उभं राहायचं आणि ओठ नीट हलवायचे. आई तर आवाज न काढता भांडायची, त्यामुळे शेजाऱ्यांना आमचं घर फार सुखी वाटे. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. पुढे जे मी केलं, ते हे माहीत असताना केलं.

झालं असं, की मंडळाचे ढोलकवाले काका कामासाठी सुरतेला गेले. ढोलक नाही तर भजन कसलं? दोन गुरुवार मंडळी नुसतीच बसून परतली. बाबा खुर्चीत. आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"त्यांचा गुरुवार गेला ना, तर ते तिथून उठायचे नाहीत. काहीतरी कर."

मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षात मुक्कामाला होतो. मी काहीतरी करावं ही घरातली जुनीच मागणी होती. मी छाती काढून मंदिरात गेलो आणि मंडळातल्या सगळ्यात वयस्कर, झांजवाल्या काकांना ऐटीत म्हणालो, "टेन्शन नका घेऊ काका. ढोलकची मशीन येते आता."

मशीन मिळाली एका मित्राकडून. तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात होता. त्यांनी नवा कीबोर्ड घेतला होता, जुनी रिदम मशीन पडून होती. "ले जा भिया, वैसे बी धूल खा रई है." टिफिनच्या डब्याएवढी, काळी. खाली एका ओळीत सोळा बटणं, प्रत्येक बटणावर एक लाल दिवा. सुरू केली की दिवे डावीकडून उजवीकडे पळत जायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. ज्या दिव्यावर ठोका हवा, त्याचं बटण दाबून ठेवायचं. इतकं सोपं, असं मित्र म्हणाला. तो ऑर्केस्ट्रात गाणी म्हणायचा, त्याने मशीनला कधी हात लावला नव्हता, हे मला नंतर कळलं.

पहिले काही दिवस माझ्याकडून फक्त डिस्को निघाला. केहरवा, म्हणजे भजनाचा नेहमीचा ठेका, बसवायला गेलो तर घोड्याला ठेच लागल्यासारखं काहीतरी निघे. एकदा अखेर जमला. आनंदाने आईला बोलावलं, ती हात पुसत येईपर्यंत लाइट गेली. लाइट आली तेव्हा मशीन सगळं विसरून पुन्हा डिस्को. साठवून ठेवायचं बटण वेगळं असतं, हा शोध मला त्याच आठवड्यात चारदा लागला.

गुरुवारी मशीन मंदिरातल्या भोंग्याला जोडली. केहरवा खणखणीत. मंडळी समोर बसली. मी सुरू करायचं बटण दाबलं आणि अभिमानाने बाबांकडे पाहिलं. बाबा, झांजवाले काका, सगळे डोळे बारीक करून मशीनकडे बघत होते. मग एकदम सुरू झाले. आणि काय सुरू झाले! दत्तगुरूंच्या मागे जणू कुत्रं लागलं होतं. शब्दावर शब्द, टाळावर टाळ. झांजवाले काका घामाघूम. पहिलं कडवं संपता संपता एकाला ठसका लागला आणि भजन बसलं.

"भोत फास्ट है यार!" झांजवाले काका ओरडले.

"फास्ट कुठे? हळूच तर लावलीय!"

"वो देख ना, कैसी भाग रई है!" त्यांनी दिव्यांकडे बोट दाखवलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही माणसं ढोलक कधी ऐकतच नव्हती. ती बघत होती. ढोलकवाल्या काकांचे खांदे, मान, वर जाणारा हात. त्यावर इतकी वर्षं गात होती. मी त्यांच्यापुढे डबा ठेवला, तेव्हा त्यांनी त्यात जे हलत होतं ते धरलं. दर ठोक्याला चार दिवे पळत होते, आणि हे प्रत्येक दिव्याला ठोका समजून धावत होते. ज्याला आयुष्यभर ओठ हलवून जेवायला बोलावलं, त्या बापासाठी मी भोंगा लावला होता.

दुसऱ्या दिवशी सियागंजच्या बाजारातून काळी चिकटपट्टी आणली आणि चार दिवे सोडून बाकीचे झाकले. पुढच्या गुरुवारी भजन जमलं. अगदी ठेक्यात. त्या रात्री बाबांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. आई माझ्याकडे बघून हसली. बी.कॉम. पास झाल्यासारखं वाटलं मला. पास होण्याचा अनुभव पुढेही मला असा वाटण्यापुरताच मिळाला.

पण मंडळी गळायला लागली. पूर्वी गाताना ढोलकवाल्या काकांकडे बघत, मग एकमेकांकडे. कोणी चुकलं की भुवई उडवत, हसत. आता सगळे ओळीने बसून चार दिव्यांकडे टक लावत. एकदा झांजवाल्या काकांनी मधेच झांज पिशवीत घातली.

"नी भिया. जिंदगीभर लूम के सामने खड़े रए. अब भगवान के सामने बी मशीन?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तेरी गलती नी है. अच्छी चलती है."

अच्छी चलती है. हेच तर वाईट होतं.

शेवटी एका गुरुवारी बाबा आणि मी, दोघंच. मी म्हणालो, राहू द्या आज. ओठ नीट हलवून म्हणालो. बाबांनी मान हलवली. "लाव."

मी लावली. बाबा दिव्यांकडे बघत गायले. चांगले गायले. कडवी संपली, धृपद आलं. पुन्हा धृपद. पुन्हा. मला वाटलं, रंगलेत. मी भिंतीला टेकून मान डोलवत राहिलो. धृपद चालूच. आवाज चिरकायला लागला, गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या, तरी डोळे दिव्यांवर. कितीतरी वेळाने ते एकदम थांबले. माझ्याकडे वळले.

"अरे, उठव ना."

"काय?"

"तो ढोलकवाला हात वर करायचा शेवटी. मग उठायचं भजन." त्यांनी मशीनकडे पाहिलं. दिवे पळतच होते. "हिचं कळतच नाही कधी संपलं ते."

मी बटण दाबलं. आम्ही घरी आलो. बाबा नेहमीएवढंच जेवले.

पुढच्या गुरुवारी मी मशीन काखेत धरून तयार उभा राहिलो. बाबा खुर्चीत होते, दाढी वाढलेली. त्यांनी गळ्याला हात लावला आणि आवाज न काढता ओठ हलवले: घसा बसलाय.

त्याच्या पुढच्या गुरुवारीही घसा बसलेलाच होता. मग मी विचारणं सोडलं.