हारून राहिलो

“हारून राहिलो, सर!”

सोमवारी सकाळी अमरावतीच्या स्टँडवर अकोल्याच्या गाडीत पाय ठेवला की आमचा कंडक्टर मला ही बातमी द्यायचा. सूर असा, की शेजारच्या प्रवाशाला वाटावं, याच्या घरी बारसं आहे. बातमी मात्र त्याच्या फुटबॉल संघाची असायची, आणि आदल्या दिवशीच्या पराभवाची.

“सामना काल संपला ना? मग ‘हरलो’ म्हणा,” मी एकदा म्हणालो.

“तो एक सामना संपला सर. आमचं त चालूच हाय.”

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. आमच्याकडे ‘जेवून राहिलो’ म्हणजे जेवण चालू आहे, माणूस अजून ताटावरून उठलेला नाही. ‘येऊन राहिलो’ म्हणजे माणूस वाटेत आहे; निदान चप्पल शोधतो आहे. तेव्हा ‘हारून राहिलो’ म्हणजे हरण्याचं काम सुरू आहे, पूर्ण झालेलं नाही. मी अकोल्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. उत्तरपत्रिकेतल्या या ‘राहिलो’खाली लाल रेघ मारण्याचा मला पगार मिळतो.

माणूस उंच होता. गाडीच्या टपाखाली वर्षानुवर्षं वाकून उभं राहिल्याने त्याची मान कायमची नम्र झाली होती. स्वभावाचा त्याच्याशी संबंध नव्हता. “समोर सरका! समोर पुरी गाडी खाली हाय!” असं तो ओरडला की खच्चून भरलेल्या गाडीतही लोकांना खरोखर थोडी जागा दिसू लागायची. डाव्या गुडघ्याला पट्टा. पायऱ्या चढताना तो गुडघ्याला हात लावायचा, पण कुणी पाहिलं तर तोच हात खिशाकडे न्यायचा.

एका रविवारी मी त्याचा खेळ पाहायला गेलो, आणि मग जातच राहिलो. त्याच्या क्रीडा मंडळाचं मैदान म्हणजे दोन कडुलिंब, एक बोअरवेल आणि मधे उरलेली जमीन. संघ बेताचा. गोलकीपर वरूडला संत्र्याच्या पेट्या ट्रकवर चढवायचा, त्यामुळे त्याचा हात झेलण्यापेक्षा फेकण्यात जास्त बसलेला. आमचा माणूस कॅप्टन, आणि जागा बचावफळीच्या मधोमध. मैदानावरही त्याची नोकरी सुटत नसे. “मांगं जागा हाय, मांगं सरका!” हे बचाव करणाऱ्यांना. समोरच्या गोलपाशी रेंगाळणाऱ्या आपल्याच पोरांना, “दारात उभे नोका राहू!” आणि चाल करायची असली की नुसतं “डबल!” एक घंटी म्हणजे गाडी थांबव, दोन म्हणजे सोड, हे एसटीत बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, पण फुटबॉलमध्ये त्याचा अर्थ प्रतिस्पर्ध्यांना लागेपर्यंत गाडी निघालेली असायची. अर्थात पुढच्या स्टॉपला ती बहुधा पोचत नसे. त्या पहिल्या रविवारी आमच्यावर चार गोल बसले. चारही वेळा तो जाळीतून चेंडू स्वतः काढून आणायचा आणि पळत मध्यरेषेवर ठेवायचा, जणू उशीर झाला तर गाडी सुटेल.

अकोल्याचा एक तालेवार संघ त्याला दरवर्षी बोलवायचा. चांगले बूट, दोन जर्सी, सरावानंतर अंडी.

“काहून नाही जात?” मी विचारलं. त्याच्याशी बोलताना माझीही भाषा घसरायची.

“ते गाडी फुल्ल हाय सर. तिथी मले उभं कुठी करतान?”

मंडळाचे अध्यक्ष मात्र थकले होते. फुटबॉलला नव्हे, फ्लेक्सला. चौकातल्या फ्लेक्सवर ते ‘क्रीडामहर्षी’ होते आणि खाली लावायला क्रीडेचा एकही पुरावा नव्हता. गेल्या हिवाळ्यात त्यांनी संघाला समोर बसवून सांगितलं, “हे पाहा, अकोल्याच्या स्पर्धेतून यंदा कप आला त ठीक. नाही त संघ बंद. मैदानाले जाळी लावून बॉक्स क्रिकेट करून टाकू.” आणि बोलण्यात जोर यावा म्हणून जाळीच्या खांबांसाठी कडेने खड्डेही खणून ठेवले.

“कप आणून राहिलो, साहेब,” आमचा माणूस म्हणाला. अध्यक्ष हसले. मीही मनात तेच केलं.

त्या स्पर्धेत हा संघ अंतिम सामन्यापर्यंत कसा पोचला हे मी नीट सांगू शकत नाही. एक सामना समोरचा संघ वेळेवर न आल्याने मिळाला, एक पेनल्टीवर, आणि एक, काय सांगू, चक्क चांगलं खेळून. अंतिम सामना त्याच तालेवार संघाशी, त्यांच्याच गावात. मी कॉलेज सुटल्यावर छत्री घेऊन उन्हात बसलो.

मध्यंतरापर्यंत दोन शून्य. आमचे शून्य. पोरं माना खाली घालून गवतावर बसली होती. एकाने हळूच विचारलं, “जाळी कधी लावतान, भाऊ?”

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. पुण्याचे. गळ्यात उपरणं, घड्याळावर नजर, परतीच्या गाडीची वेळ झालेली. मैदानावर खेळ थांबलेला आणि एक संघ मान खाली घालून बसलेला पाहून ते थेट आमच्या माणसापाशी गेले आणि आस्थेने म्हणाले, “काय झालं हो?”

“हारून राहिलो, साहेब. दोन शून्य.”

पाहुण्यांचा चेहरा गहिवरला. ते माइककडे गेले.

“मित्रहो,” ते म्हणाले, “हरल्यावर मैदान सोडून जाणारे मी पुष्कळ पाहिले. पण या संघाचा कर्णधार मला काय म्हणाला? हरून राहिलो! हरले, आणि तरीही राहिले! निघून गेले नाहीत! केवढं हे तत्त्वज्ञान!”

मंचावर आयोजक बसले होते. सगळ्यांना ‘राहिलो’चा अर्थ ठाऊक होता आणि सामना अर्धा बाकी आहे हेही. पण आपल्याकडे सुरू झालेलं भाषण थांबवायची पद्धत नाही. कुणी शालीची घडी नीट केली, कुणी आभाळाकडे पाहिलं. रेफरीने शिट्टी तोंडाशी नेली आणि पाहुण्यांचा मान राखून खाली घेतली. पाहुण्यांनी पराभवाचं माहात्म्य सांगून झाल्यावर टेबलावरची उपविजेत्याची ढाल उचलली, आमच्या माणसाच्या हातात दिली, त्याला मिठी मारली आणि ते स्टेशनकडे गेले. अकोल्याच्या एका खेळाडूने तोवर बूट काढून फोटोसाठी केस विंचरले होते.

आमचा माणूस ढाल घेऊन संघाकडे आला. ती गोलच्या मागे ठेवली. मी जवळच होतो, म्हणून पुढचं नीट ऐकलं.

“पोट्टेहो, हाराचं बक्षीस त भेटलं,” तो म्हणाला. “आता हारून का फायदा?”

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले, पोट धरून. खांद्यावरून पोतं उतरावं तशी पोरं उठली.

पहिला गोल गोलकीपरच्या हाताने झाला म्हणायला हरकत नाही. त्याने संत्र्याची पेटी ट्रकच्या वरच्या थरात टाकावी तसा चेंडू फेकला, तो मध्यरेषेपलीकडे पडला आणि आमच्या पोराने तो पुढे नेऊन जाळीत घातला. बूट काढलेल्या गड्याची नाडी तेव्हा बांधून व्हायची होती. दुसरा गोल गर्दीत झाला. कुणाचा पाय लागला यावर अजून दोघं भांडतात. दोन दोन. समोरच्यांनी मग एकामागून एक हल्ले केले आणि प्रत्येक हल्ल्यापुढे आमचा माणूस आडवा होता. छातीने, खांद्याने, एकदा तर तोंडाने. पडायचा, पट्टा वर ओढायचा, “जागा नाही, जागा नाही!” म्हणत पुन्हा उभा.

शेवटी त्याच्या पायात चेंडू आला. इतक्या वर्षांत मी त्याला मध्यरेषा ओलांडताना पाहिलं नव्हतं. कंडक्टर ड्रायव्हरच्या सीटवर बसत नसतो. तो क्षणभर थांबला. समोर पास द्यायला कुणी मोकळं नव्हतं. मग मोठ्याने, स्वतःलाच, तो ओरडला, “डबल!”

आणि निघाला. लंगडत, मान वाकवून, हात पसरून गर्दीतून वाट काढत, तिकिटं तपासायला निघावं तसा. एकाला चुकवलं, दुसऱ्याला धक्का दिला, तिसरा बहुधा सवयीने बाजूला झाला. चेंडू खांबाच्या आतल्या अंगाला लागून आत गेला. मी उभा राहून ओरडत होतो हे मला छत्री मोडल्यावर कळलं.

तीन दोन. शिट्टी झाली. आमचा माणूस जमिनीवर बसला होता आणि त्याच्या अंगावर अख्खा संघ.

आयोजक घाम पुसत आले. “भाऊ, तेवढी ढाल वापस द्या नं.”

“निंगालेलं तिकीट वापस होत नसते, साहेब,” तो गंभीरपणे म्हणाला. त्यांची पुरती पाचावर धारण बसेपर्यंत त्याने वाट पाहिली. मग ढाल उचलली, पाय ओढत अकोल्याच्या कॅप्टनकडे गेला आणि दोन्ही हातांनी ती त्याच्यापुढे धरली. “घ्या भाऊ. तुमचं सामान आमच्या गाडीत आलतं.” तो रडवेला कॅप्टन हसला.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही अमरावतीला परतलो. कप पुढच्या, आमदारांसाठी राखीव सीटवर ठेवला होता. त्या सीटवर काहीतरी कमावलेलं बसलेलं मी प्रथमच पाहिलं. स्टँडवर अध्यक्ष बँडसह हजर. आपल्याला आधीपासून खात्री होती, असं त्यांनी तीन वेळा सांगितलं.

“मंग ते खड्डे बुजवून टाका साहेब,” आमचा माणूस म्हणाला. “बॉल अटकते.”

खड्डे बुजले. संघ चालू आहे. चौकातल्या फ्लेक्सवर अध्यक्षांचा चेहरा मोठा आणि कप लहान आहे, पण कप आहे.

तो मात्र आता या गाडीवर नाही. गुडघ्याने खेळ थांबवला आणि त्याने बदली मागून घेतली ती थेट मेळघाटात, सेमाडोहच्या गाडीवर. नवा कंडक्टर सभ्य आहे. “कृपया पुढे सरका,” म्हणतो. कुणी सरकत नाही.

परवा रविवारी दुपारी फोन वाजला. मागे आरडाओरडा, शिट्ट्या, कुठेतरी माकडांचा दंगा.

“सर, इथी टीम बनवली! पह्यलीच म्याच चालू हाय!”

“अरे वा! काय स्थिती?”

“पाच शून्य! हारून राहि—”

आणि जंगलातली रेंज गेली. मी फोन खाली ठेवला. मॅच अजून चालू होती.