ओलांदिनाच्या आईचा मका

गावं जाळली गेली तेव्हा ओलांदिनाने रानात पळताना भांडी टाकली, नवऱ्याचा फोटोही टाकला. पोटाशी बांधून नेलं ते आईच्या मक्याचं बियाणं. तिमोरच्या त्या डोंगरात पेरताना ज्याचं बियाणं त्याचं नाव घेतात. बाकीच्यांचं बियाणं घरांबरोबर जळलं होतं.

मग शांतता आली, आणि तिच्यामागून परदेशी मदतीचा मका. कणसं हातभर, पण टोकं उघडी. दोन महिन्यांत सोंड्यांनी त्याचं पीठ केलं. आईचं कणीस वीतभरही नसे, पण पानांत घट्ट मिटलेलं. चुलीवरच्या धुरात वर्षभर टिके. ओलांदिना दोन्ही पेरायची. एका साली रानडुकरं घुसली आणि आईच्या मक्याची एकच जुडी हाती लागली.

अशात मदतीचा किती उपयोग झाला ते तपासायला साहेब लोक आले. कणसं मोठी आली का, विचारलं. आली, म्हणाले सगळे, आणि ते खरंच होतं. टिकली का, हे त्यांनी विचारलं नाही. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं तोंडावर कोण म्हणणार? तिथे पाहुण्याच्या भेटीला नावं ठेवली तर घरातले मेलेलेही लाजतात. वर साहेबांना हौस, की आमच्या मक्याचं जेवण ओलांदिनाच्याच घरी जेवू.

ओलांदिनाने चुलीवरची जुडी उतरवली. जाऊ फिलोमेना बघतच राहिली.

"जाऊबाई, बियाणं आहे ते. पुढे पेराल काय?"

"मग पाहुण्यांच्या पानात सोंडे वाढू?"

दोनच कणसं घ्यायची होती. पण साहेबांमागे गावप्रमुख आला, ड्रायव्हर आला, अर्धं गाव आलं. सगळी जुडी उखळात गेली. साहेब दोनदा मागून जेवले. हा आमचाच मका ना, त्यांनी दुभाष्याकरवी विचारलं. ती म्हणाली, "तुमचाच."

पावसाआधी मदतीच्या मक्याची पोती आली, दुप्पट. "तुझ्या हाताची चव गं, ओलांदिना," गावप्रमुख म्हणाला. गावाने तिचं कौतुक केलं आणि ते तिला ऐकवेना.

तिने तो मका पेरला. शेजारच्या शेतातून फिलोमेनाने हाक मारली, नाव घेतलंत का म्हणून.

"कोणाचं घेऊ?" ओलांदिना म्हणाली, आणि पुढचा खड्डा केला.