तारीख आम्ही टाकतो

साहेबांनी फूटपट्टी घेतली, माझ्या आयच्या अर्जाच्या वरच्या कडेला धरली आणि तारखेची तेवढी ओळ फाडून काढली. अगदी सरळ. तुकडा टोपलीत टाकला. आयकडे न बघताच म्हणाले, "तारीख आम्ही टाकतो. तुम्हा लोकांना पाण्याशिवाय राहायची सवय असते. आठ दिवसांनी काय बिघडतं?"

आय उभीच होती. सूर्यमाळजवळच्या आमच्या पाड्यावरून उजाडायच्या आत निघाली, चालत खोडाळा गाठलं आणि तिथून जीपने मोखाड्याला आली. पाड्यावरचा एकुलता एक हापसा बंद पडला होता. बाया झऱ्याच्या खड्ड्यातून वाटीवाटीने हंडा भरत होत्या. अर्ज गुरुजींनी लिहून दिलेला, तारीखही त्यांनीच घातलेली.

मी तिथेच, कॉम्प्युटरपुढे बसलेली. हापसे दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराच्या ऑफिसात मला दोन वर्षं झाली होती. करारात लिहिलेलं, तक्रार आल्यापासून चार दिवसांत दुरुस्ती, नाहीतर ठेका जाणार. मग ह्यांनी काय करावं? तक्रार आलीच नाही असं धरायचं. अर्ज बिनतारखेचे ट्रेमध्ये पडून राहायचे. मेकॅनिकची जीप निघायची त्या दिवशी मी आवकचा शिक्का मारायची, तक्रार आल्याची तारीख भरायची. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची. महिनाभर तहानलेला पाडा कागदावर एकच दिवस तहानलेला. वरून ठेकेदाराला शाबासकी.

हे मी माझ्या हातांनी केलं. खोटं कशाला बोलू? डोक्यावर पंखा होता, बसायला खुर्ची होती. पाड्यावरून ऑफिसात बसलेली पहिली पोरगी मी. मूग गिळून बसले.

साहेबांनी मला विचारलं, "तुमच्याकडची का गं ही?"

"हो. आमच्या बाजूची आहे."

मी एवढंच म्हणाले. माझी आय आहे, असं नाही म्हणाले. तिने ऐकलं. दाराशी गेली, मागे वळली आणि मला म्हणाली, "मॅडम, पाणी मिळंल काय जरा?"

माझी आय मला मॅडम म्हणाली. माझी नोकरी जाऊ नये म्हणून म्हणाली. साहेबांचं बोलणं लागलं होतंच, पण हे आत शिरलं. मला माझीच किळस आली. ऑफिसच्या जारमधून तिला पाणी दिलं. उभ्याउभ्या दोन गिलास प्याली.

मी म्हणाले, "साहेब, ही माझी आय."

तिच्या अर्जावर त्याच दिवसाचा शिक्का मारला. तीच तारीख कॉम्प्युटरवर भरली. ट्रेमधले बाकीचे अर्ज ओढले, त्यांच्यावरही मारला.

"जीप पुढच्या आठवड्यात जाणार. सगळं उशिराचं दिसेल," साहेब म्हणाले.

"दिसू दे."

"उद्यापासून येऊ नकोस."

माझ्या जागी आमच्याच भागातली दुसरी पोरगी बसली. मी भरलेल्या तारखा तिने बदलल्या. खोडाळ्याच्या बाजारात तिनेच मला सांगितलं, मान खाली घालून. तिच्यावर काय चिडू? कालपर्यंत मीच होते त्या खुर्चीत. आपलेच दात, आपलेच ओठ. पुढे मेकॅनिक पाड्यावर आला, पाइप वर काढून बघितले, "खाली पाणीच नाय" म्हणाला आणि गेला. कागदावर हापसा मुदतीत दुरुस्त झाला. आय अजून झऱ्यावर जाते.

आता पाड्यापाड्यांवरचे अर्ज मी लिहिते. दोन प्रती करते. मोखाड्याला जाते आणि दुसऱ्या प्रतीवर त्याच दिवसाची पोच मागते. दिली नाही तर दारात बसते. साहेब येताजाता हसतात. परतीची जीप कितीदा चुकते. हापसे दुरुस्त होतील असं मला वाटत नाही. खरंच नाही वाटत. पण उशीर केलाय ना, मग उशीर लिहा. तो लिहून घेतल्याशिवाय मी दारातून उठत नाही.